मगदूम मामांचं पावणं

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणी शिंकलं की मगदूम मामा खिडकीतून बाहेर उडी मारत.

हे मी रंगवून सांगत नाही. शिंक ऐकू आली की मामा हातातली काचेची बशी आधी नीट टेबलावर ठेवत. कितीही घाई असली तरी एवढ्या वर्षांत त्यांनी एकही बशी फोडली नव्हती. मग खिडकीच्या कट्ट्यावर बसत, दोन्ही पाय पलीकडे टाकत आणि अबोलीच्या वाफ्यात उतरत. प्रयोगशाळा तळमजल्यावर आणि खिडकी कंबरेइतकीच उंच होती हे खरं. तरी पन्नाशीला आलेल्या, डोक्यावर टोपी आणि अंगात खाकी गणवेश असलेल्या माणसानं भर तासाला असं नाहीसं होणं नवीन मुलांना पचायला जड जाई. जुनी मुलं मात्र सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता सांगत, "येतील. वीस मिनिटं लागतात." आणि बरोबर वीस मिनिटांनी मामा दारातून आत येत आणि काम जिथं टाकलं होतं तिथून पुढं सुरू करत.

आपल्याकडं बोलता बोलता शिंक आली की ‘सत्य आहे’ म्हणायची पद्धत आहे. आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात ‘मामा गेले’ म्हणत.

यातल्या निम्म्या उड्या माझ्या खात्यावर जातात. मी बुरशी शिकवायचे आणि बुरशीच्याच धुळीचं मला वावडं. नमुन्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की पाठोपाठ तीन शिंका ठरलेल्या. माझी ही गत पाहून स्टाफरूममधल्या प्रत्येकानं मला काही ना काही औषध सांगितलं. तुळस, ओवा, सुंठ, निलगिरी. मामांनी औषध सांगितलं नाही, फक्त अंतर सांगितलं. "म्याडम, आठ फूट," ते म्हणत आणि खडूनं जमिनीवर रेघ मारत.

मामा हुद्द्यानं प्रयोगशाळा परिचर. म्हणजे काचा धुणं, झाडू मारणं, नमुने मांडणं. प्रत्यक्षात विभाग तेच चालवत. बुरशी वाढवायला आम्ही बटाटा उकळून त्याच्या पाण्याची जेली करतो. तिला मामा ‘बटाट्याची पेज’ म्हणत आणि आजारी माणसासाठी करावी इतक्या काळजीनं ती करत. खोडाचा पातळ काप ब्लेडनं काढावा तर त्यांनीच. माझा काप पाहून ते एकदा म्हणाले होते, "म्याडम, ही भाकरी झाली. आपल्याला पापड पायजे."

मी नाशिकची. नव्वद सालच्या पुढंमागं इथं रुजू व्हायला आले तेव्हा मामांनी मला फाटकातच अडवलं होतं. "काय पावणं, कुणीकडं?" मी म्हटलं, मी पाहुणी नाही, इथं नोकरीला आले आहे. "ती झाली नोकरी. आपण कुठलं पावणं?" मला राग आला. पुढं कळलं की कोल्हापुरात ओळख नसलेला प्रत्येक माणूस पावणंच असतो. गाव, आडनाव आणि कुणाकडं जायचंय हे सांगितलं की तो आपला होतो. मला आपलं व्हायला अर्धा तास लागला. नाशिकमध्ये त्यांचं कुणीच निघेना, हे त्याचं कारण.

तर शिंकेचं हे खूळ मामांना पहिल्यापासून नव्हतं. नव्वदीच्या मध्यावर त्यांनी एकदा चार महिन्यांची रजा काढली. हर्नियाचं ऑपरेशन म्हणाले. परत आले ते वाळून आले होते आणि आल्या दिवसापासून खिडकीतून उड्या मारायला लागले. दवाखान्यात राहून माणसाच्या मनात रोगाची भीती बसते, असं आम्ही आपापसात म्हटलं आणि विषय संपवला. माणूस चांगला असला की लोक त्याचं खूळ चटकन पदरात घेतात. आम्हीही घेतलं.

त्यानंतर दोन-चार वर्षांनी गोळ्या आल्या. त्या आणल्या आमच्या हेडक्लार्क चौगुले भाऊसाहेबांनी. त्यांना कुणीतरी एका मंगल कार्यालयात सभेला नेलं होतं. तिथं टाय लावलेल्या एका गृहस्थानं पडद्यावर लाकडासारख्या कडक, तांबड्या अळंबीचं चित्र दाखवलं आणि सांगितलं की पूर्वी हिची भुकटी फक्त राजेमहाराजे खात, आता आपणही खावी. भाऊसाहेब गेले ते सर्दीनं हैराण होऊन आणि आले ते विक्रेते होऊन. त्यांच्या टेबलावर फायलींच्या जागी बाटल्या आल्या. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द ते इतक्या वेळा म्हणत की प्राचार्यांनी एकदा रजेचा अर्ज मागितला तर भाऊसाहेबांनी बाटली पुढं केली.

अळंबीचं नाव निघाल्यावर मामा माझ्याकडं येणार हे ठरलेलंच होतं. आठ फुटांवर उभे राहून त्यांनी बाटली दाखवली.

"म्याडम, तुमी बुरशीतलं मास्तर. खरं सांगा. गुण येतो का?"

मी शिक्षकाच्या जातीला शोभेल असं लांबलचक उत्तर दिलं. काचेच्या बशीतल्या पेशींवर असलं काही टाकलं की त्या चाळवतात, एवढं खरं. आजारी माणसाचं काय ते डॉक्टर बघतील. पण ज्याला काही झालेलंच नाही, त्या धडधाकट माणसाला यानं फरक पडतो का, हे छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. "आणि मामा, तुम्हाला काय धाड भरलीय? रोज उचगावहून सायकल मारत येता. तुम्हाला काय बरं व्हायचंय?"

"मला बरं व्हायचं न्हाय, म्याडम. मला आजारी पडायचं न्हाय. दोन्ही येगळं हाय."

"पण मोजणार काय? न झालेली सर्दी?"

"व्हय. तीच मोजायची."

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो हसतो, तशी मी हसले.

मामांनी गोळी सुरू केली. सकाळी अकराला एक. बाटली ठेवली प्रयोगशाळेच्या कपाटात, भूछत्रांच्या जुन्या बरण्यांच्या मध्ये. तिच्यावर आपल्या अक्षरात चिठ्ठी डकवली, ‘मगदूम. घरी नेणे नाही.’ शनिवारी ते दोन गोळ्या घेत, एक शनिवारची आणि एक रविवारची आगाऊ. मी म्हटलं, बाटली घरी न्यावी, रविवारी सुट्टीच असते. तर एकदम कडक आवाजात म्हणाले, "घरात न्यायची न्हाय. ही हितली." बायको रागावत असेल, असा मी अंदाज केला.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय, हे मामांनी त्यानंतर मलाच समजावून सांगितलं. मी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

"आता बघा, शरीर म्हंजे गाव. गावाच्या येशीवर पोरं बसल्याली असत्यात. कामधंदा काय न्हाय. येणाऱ्याला अडवायचं. काय पावणं, कुठलं? कुणाकडं? वळख पटली तर सोडत्यात, न्हाय तर बडवून भाईर काडत्यात. झालं, हीच तुमची शक्ती."

"आणि गोळी?"

"पोरांस्नी च्या. बसून बसून पेंगत्यात न्हवं? च्या पाजला की हुशार."

पुढच्या वर्षापासून मी वर्गात हेच सांगायला लागले. मुलं पेपरातही ‘वेशीवरची पोरं’ लिहू लागली आणि बाहेरगावच्या परीक्षकांची पत्रं आली, ते जाऊ द्या. त्या दिवशी मामांनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता. स्लाइड पुसता पुसता, अगदी सहज.

"म्याडम, ह्या पोरांस्नी चोर कुठला आन जावई कुठला, ह्ये कळतंय का?"

"नाही. अनोळखी तो अनोळखी. जावई आला तरी बडवतील."

"लई वंगाळ," मामा म्हणाले. मग तीच स्लाइड ते बराच वेळ पुसत राहिले.

न झालेली सर्दी मोजायचं मामांनी खरोखरच मनावर घेतलं. जूनमध्ये स्टाफरूमच्या दाराला एक वही टांगली गेली. भाऊसाहेबांच्या गोळ्या खाणारे एका बाजूला, न खाणारे दुसऱ्या बाजूला. कुणी शिंकलं की त्याच्या नावापुढं फुली. फुल्या मारायला मामा स्वतः येऊ शकत नसत, कारण शिंक झाली की ते बाहेर पळत. म्हणून ज्यानं त्यानं आपापली फुली मारायची असा नियम होता. इतिहासाचे सर फुल्या लपवतात अशी तक्रार आली. मराठीच्या बाई शिंक आली की नाक दाबून धरायच्या, त्यांचे कान दुखायला लागले. दिवाळीच्या सुट्टीआधी मामांनी वही माझ्यासमोर उघडली. खाणाऱ्यांत आणि न खाणाऱ्यांत काडीचा फरक नव्हता. सगळ्यांत जास्त फुल्या चौगुले भाऊसाहेबांच्या, आणि ते तर दोन-दोन गोळ्या खात होते.

मामांच्या नावापुढं मात्र एकही फुली नव्हती.

"बघा," भाऊसाहेब ती वही डोक्यावर घेऊन नाचायचेच बाकी होते, "मामांकडं बघा की."

मी म्हटलं, मामांकडं बघायचं तर नीट बघू या. हा माणूस दिवसातून पंधरा वेळा साबणानं हात धुतो. भर पावसात सायकलवर येतो पण गर्दीच्या बसमध्ये पाय ठेवत नाही. लग्नाच्या पंक्तीला जात नाही, यात्रेला जात नाही. आठ फुटांच्या आत वारासुद्धा येऊ देत नाही. मग गुण गोळीचा की साबणाचा, हे कसं ठरवणार?

मामांनी जरा विचार केला. "म्याडम, उसाची गाडी चढ चढली. बैल दोन व्हतं. आता कुठल्या बैलानं वडली ह्ये इचारत बसू ने. दोघांस्नीबी पेंड घालावी."

संशोधनाची पद्धत म्हणून हे बरोबर नाही. पण शेतकऱ्याच्या पोराशी बैलावरून वाद घालू नये, एवढं मी कोल्हापुरात शिकले होते.

मामांचं आणखी एक प्रकरण होतं, त्यांच्या घरचा पाहुणा. रोज अकराला गोळी घेतली की मामा भाऊसाहेबांच्या खोलीत जाऊन फोन लावत. फोन त्यांच्या शेजारी, भावजयीच्या घरी होता. तिथून बायकोला बोलावून आणेपर्यंत मामा रिसीव्हर धरून उभे. मग इतक्या मोठ्यानं बोलत की तारेची गरज पडू नये. "व्हय. मीच. जेवलीस? गोळी घेतलीस? आन पावणं बरं हाय न्हवं?" पलीकडून काहीतरी उत्तर येई. मामांचा चेहरा सैल होई आणि ते फोन ठेवत.

हे वर्षानुवर्षं चाललं. भाऊसाहेब छेडत, "मगदूम, हे पावणं जाणार कधी वो?"

"जाऊ ने. ऱ्हाऊ दे."

मामांची एकुलती लेक कोडोलीला दिलेली. तेव्हा जावईच सासऱ्याच्या घरी येऊन बसला असणार, असा निष्कर्ष स्टाफरूमनं काढला. चोर आणि जावई यांतला फरक मामांनी मला का विचारला होता, तेही मला आता कळलं असं वाटलं. एकदा न राहवून मी म्हटलंच, "मामा, इतकी वर्षं पाहुणा सांभाळायचा म्हणजे कमाल आहे हं तुमची."

"कमाल तिची हाय," मामा म्हणाले. "तीच सांभाळती. म्या निस्ता धाडून दिला."

मला यातलं काही कळलं नाही. त्यांच्या बोलण्यातलं सगळंच कळायला हवं, असा माझा आग्रहही नव्हता.

मार्च महिना होता, दोन हजार सालाच्या पुढचं एखादं वर्ष असेल. प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि माझी सर्दी अशी पेटली होती की डोळे उघडत नव्हते. अंगात कणकण होती. रजा घ्यायला हवी होती. पण बाहेरचे परीक्षक सांगलीहून आले होते, मोठे शिस्तीचे, आणि विभागाची अब्रू राखायची म्हणून मी नाक पुसत जाऊन बसले. पहिल्याच मुलाची तोंडी परीक्षा चालू असताना मी शिंकले.

मामांचं सगळं शरीर खिडकीकडं कललं. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "परिचर, जागेवर थांबा. नमुने तुम्हीच द्यायचे आहेत. तुम्ही हललात तर परीक्षा थांबवावी लागेल."

मामांनी खिडकीकडं पाहिलं. मग मुलांकडं पाहिलं. सगळ्या मुलांचे काप, सगळ्या स्लाइडी त्यांनीच आठवडाभर खपून तयार केल्या होत्या. कुठल्या मुलाचा हात थरथरतो आणि त्याला कुठला सोपा नमुना द्यायचा, हेही त्यांनाच माहीत होतं. ते थांबले. दिवसभर माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून ते बशा देत राहिले. मी शिंकत राहिले. मधल्या सुट्टीत मी त्यांना काय म्हणाले, ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते. मी म्हणाले, "काय मामा, आज कळेल तुमच्या पोरांनी चहा घेतलाय की नाही."

ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत एक शिंक ऐकू आली. सवयीनं सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं, तर मामा जागेवरच उभे होते. शिंक त्यांचीच होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मामांचा चेहरा पांढराफटक पडला आणि हातातली बशी खाली पडून फुटली.

चार दिवसांनी, शनिवारी, मी नेहमीपेक्षा लवकर आले. वाळवलेल्या पानांची कपाटं आहेत त्या मागच्या खोलीत गेले, तर दोन कपाटांच्या मध्ये सतरंजी गुंडाळून ठेवलेली. झाडं दाबायच्या लाकडी चौकटीवर पंचा वाळत घातलेला. खिडकीत दाढीचं सामान. मामा कोपऱ्यातल्या नळावर तोंड धूत होते. मला पाहून ते मागं सरकले, नेहमीचे आठ फूट. या वेळी मला वाचवायला सरकले होते की सवयीनं, सांगता येत नाही.

"मामा, तुम्ही इथं राहता?"

"सर्दी हाय न्हवं. घरी कसं जाऊ?"

"सर्दी झाली म्हणून कुणी घर सोडतं का?"

मामांनी पंच्यानं तोंड पुसलं, टोपी घातली आणि स्टुलावर बसले. बसतानाही त्यांनी डाव्या कुशीला हात लावला. ही त्यांची सवय मी वर्षानुवर्षं बघत होते आणि हर्निया समजत होते.

"हौसाच्या दोन्ही किडन्या गेल्या व्हत्या," ते म्हणाले. हौसा म्हणजे त्यांची बायको. "पुण्याला न्हेली. डागदर म्हणालं, कुणीतरी एक द्याय पायजे. माझ्याकडं दोन व्हत्या. एक तिला दिली."

"आणि हर्निया?"

"ते आपलं सांगाय. खरं सांगितलं असतं तर आपली मानसं ऐकत्यात व्हय? लई मायाळू. टेंपो भरून आली असती बघाय. येताना शहाळी आणली असती, आन सर्दी बी आणली असती." त्यांनी नाक पुसलं. "डागदरनं समजावलं मला. म्हणालं, मगदूम, तुमची किडनी तिच्या गावाला पावणं हाय. येशीवरची पोरं वळखत न्हाईत, हाकलून घालत्यात. म्हनून पोरांस्नी झोपवायची गोळी द्यायची. सकाळ-संध्याकाळ, जलमभर. पोरं झोपली की पावणं सुखानं ऱ्हातंय. पन चोराला बी येस उघडी. आपल्याला निस्ती शिंक, तिला न्युमोनिया."

मी उभीच होते.

"म्हनून तुमची ती आळंबीची बाटली घरात न्यायची न्हाय. डागदरनं बजावलंय, तिच्या तोंडात चुकून बी जाऊ ने. तिची पोरं जागी झाली तर पावणं गेलं. तिच्या गावाला राखण ठेवता येत न्हाय, म्याडम. तर म्हटलं, माझ्या गावाला ठेवू."

मला रडू आलं आणि माझीच लाज वाटली. या माणसाच्या शिंकेला मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि ती शिंक माझीच देणगी होती. मी तसं म्हणाले. मामांनी हात झटकला. "आसू दे. परीक्षा पार पडली. पोरं पास झाली." मग जरा अडखळून म्हणाले, "एक काम करता का? हौसा फोनवर आयकंना. चार दीस घरी गेलो न्हाय, तिला वाटालंय मलाच कायतरी झालंय. एकच हाय न्हवं आता माझ्याकडं. तोंड बघितल्याबिगर जेवनार न्हाय म्हणती. उद्या येता माझ्यासंगं? तुमी सांगा तिला, निस्ती सर्दी हाय. तुमच्यावर इश्वास ठेवंल ती."

"मी अजून शिंकतेय, मामा."

"लांबनं की."

रविवारी सकाळी मामा सायकलवर आणि मी मागून लुनावर असे आम्ही उचगावला गेलो. घर गल्लीच्या टोकाला. समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे एक शेवगा, त्याच्याखाली दोन लोखंडी खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागं उभा ऊस. त्या खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. मगदुमांकडं कुणीही आलं तरी रस्त्याच्या पलीकडे बसूनच बोलायचं, अशी व्यवस्था मामांनी लावून दिली होती. मामा इतक्या मोठ्यानं का बोलतात, हे मला तिथं कळलं.

हौसाबाई दारात आल्या. लहानखुऱ्या, हिरवं लुगडं नेसलेल्या, डोक्यावरून पदर. उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या.

"आलासा?"

"आलो. हितंच बसतो."

"टोपी काडा. त्वांड दिसंना."

मामांनी टोपी काढली आणि शाळेतल्या मुलासारखा चेहरा उन्हात धरला.

"बारीक झालासा."

"सर्दी हाय गं निस्ती. ह्या बघ आमच्या म्याडम. इचार त्यास्नी."

मी आयुष्यात कधी रस्त्यापलीकडच्या माणसाशी ओरडून बोलले नव्हते. "सर्दीच आहे, वहिनी," मी ओरडले. "माझ्यामुळं झाली. उतरत आलीय. दोन-चार दिवसांत घरी येतील."

हौसाबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि मान हलवली. त्यांचा विश्वास बसला असावा, कारण पुढचा प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला.

"जेवलासा काय?"

"जेवलो. तू?"

"आता जेवते."

रस्त्यावरून दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल गेली. तिची धूळ बसेपर्यंत मामा थांबले. मग गेली कित्येक वर्षं भाऊसाहेबांच्या खोलीतून ऐकू येणारा तो प्रश्न त्यांनी विचारला. पण या वेळी हळू आवाजात, त्यामुळं तो रस्ता ओलांडून पोचला की नाही अशी मला शंका आली.

"पावणं बरं हाय न्हवं?"

पोचला होता. हौसाबाईंनी उजव्या ओटीपोटावर, निऱ्यांच्या जरा वर, हात ठेवला आणि निजलेल्या लेकराला थोपटावं तसं दोनदा थोपटलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. सासरी रुळलेल्या लेकीबद्दल सांगावं तशा म्हणाल्या, "नांदतंय."

मामांनी टोपी परत घातली. ती नीट बसेना म्हणून पुन्हा काढली, पुन्हा घातली. मी दुसरीकडं पाहिलं.

आणि नेमकी त्याच वेळी माझ्या नाकात हुळहुळ सुरू झाली. वारा आमच्या पाठीमागून होता, थेट घराकडं वाहणारा. मामांनी माझ्याकडं पाहिलं. बोलायला वेळच नव्हता. इथं खिडकीही नव्हती. मी चाळिशी ओलांडलेली, वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली बाई, खुर्चीवरून उठले, साडी वर धरली, पाण्याच्या पाटावरून उडी मारली आणि उसात घुसले. पाती तोंडाला ओरबाडत होती. जमेल तितकं आत जाऊन, दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून, मी पाठोपाठ तीनदा शिंकले.

बाहेरून हौसाबाईंचा आवाज आला, "अगं बाई, म्याडम कुठं गेल्या वो?"

आणि मग मामांचा, नेहमीचा, मोठा, निवांत. "येत्यात. वीस मिन्टं लागत्यात."